वजन, पाणी आणि ओळख: घनता मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी मी मुलांना घनता मोजायला शिकवते. मुलांना सोडायला आलेले आईबाबा मग परत जात नाहीत, हा वेगळा विषय. त्याआधीची माझी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यांच्या प्रयोगशाळांत झाली. २००४ साली ट्रान्सहार्बर लोकल सुरू होईपर्यंत बसला लोंबकळत महापे गाठायचं आणि दिवसभर ड्रममधले नमुने तपासायचे. आता व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय.

काकू, घनता म्हणजे नक्की काय? आणि त्यावरून वस्तू ओळखता कशी येते?

वस्तुमान भागिले आकारमान. एक घन सेंटिमीटर जागेत किती ग्रॅम माल बसलाय, एवढाच हिशेब. पाणी साधारण १, ॲल्युमिनियम २.७०, लोखंड ७.८७, तांबं ८.९६, चांदी १०.४९, शिसं ११.३४, सोनं १९.३. शुद्ध पदार्थाचा हा आकडा तुकडा लहान असो की मोठा, बदलत नाही. अंगठी घ्या नाहीतर वीट घ्या, सोनं ते सोनंच. म्हणून तो ओळखीला उपयोगी पडतो.

शाळेच्या पुस्तकात ‘सापेक्ष घनता’ असा शब्द येतो. तो म्हणजे पदार्थ पाण्याच्या किती पट जड, हे सांगणारा आकडा. त्याला एकक नसतं. घरगुती कामात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे त्यावर वाद घालू नका.

म्हणजे आकडा जुळला की वस्तू ओळखली, असंच ना?

नाही. या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: घनता नकार देण्यात पटाईत आहे, होकार देण्यात कच्ची. ‘ही चांदी नाही’ असं ती छातीठोकपणे सांगते. ‘ही चांदीच आहे’ असं एकटीच्या जोरावर सांगत नाही.

हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात (नाव राहू दे) ‘मिथेनॉल’ लेबलचे ड्रम आले. मी हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) सोडला, आकडा ०.७९ आला, रजिस्टरमध्ये ‘पास’ लिहून मोकळी झाले. गोडाऊनमधल्या हेल्पर काकांनी बूच उघडलं आणि म्हणाले, “मॅडम, हा तर थिनरचा वास.” आत ॲसिटोन होतं. आता २० अंश सेल्सिअसचे आकडे बघा: मिथेनॉल ०.७९२, ॲसिटोन ०.७९०, इथेनॉल ०.७८९, आयसोप्रोपिल अल्कोहोल ०.७८५. दोन दशांश स्थळांपर्यंत वाचलं तर चौघंही ०.७९. चारांतलं एक विष, एक दारू, एक नेलपॉलिश काढायचं आणि एक सॅनिटायझरमधलं, पण माझ्या हायड्रोमीटरला सगळी भावंडं सारखीच.

त्यानंतर नियम केला: घनता हा पहिला प्रश्न, शेवटचा नव्हे. पुढे उत्कलनबिंदू बघायचा (मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, ॲसिटोन ५६ ला) किंवा अपवर्तनांक, म्हणजे द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा (१.३३ आणि १.३६). दोन-तीन वेगळ्या गुणधर्मांनी एकाच नावाकडे बोट दाखवलं, की मग सही करायची. आणि वास घेऊन ओळखायची सवय लावून घेऊ नका. त्या दिवशी वासानेच वाचवलं हे खरं, पण मिथेनॉलची वाफ हुंगणं हा शहाणपणा नव्हे.

घरी मोजायचं तर काय काय लागतं?

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, काचेचा ग्लास, पाणी, बारीक दोरा आणि ग्लासवर आडवी धरायला एखादी पट्टी. रीत अशी. आधी वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. आता वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर जे ग्रॅम दिसतील तेवढे घन सेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने पाणी तिला वर ढकलतं, आणि तेवढ्याच जोराने ती पाण्याला खाली ढकलते. काट्याला हे ढकलणंच दिसतं.

आमच्याकडे एका मुलाने आजीची चांदीची वाटी आणली होती. कोरडी ४६.२० ग्रॅम, बुडवल्यावर काट्यावर ४.४५. भागाकार १०.३८. पाणी ३० अंशांचं होतं, तेव्हा त्याची घनता ०.९९६, गुणून १०.३४. ९२.५ टक्के चांदीची घनता १०.३६ च्या आसपास असते, म्हणजे वाटी चांदीशी विसंगत नाही. जर्मन सिल्व्हर असती (त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं) तर घनता ८.६ च्या आसपास निघाली असती आणि काटा ५.३ च्या पुढे गेला असता. आजीची अब्रू राहिली.

स्वयंपाकघरातला काटा चालेल का?

त्याच वाटीवर करून बघा. एक-एक ग्रॅमने सरकणारा काटा ४ दाखवेल किंवा ५. ४६ भागिले ४ म्हणजे ११.५, ४६ भागिले ५ म्हणजे ९.२. एकदा शिसं, एकदा तांबं, आणि चांदी कुठेच नाही. अर्धा किलोचा वरवंटा असेल तर खुशाल वापरा.

आकडा दरवेळी वेगळा येतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा बुडबुडे. वस्तूला चिकटलेला हवेचा इवलासा बुडबुडासुद्धा आकारमानात मोजला जातो आणि घनता कमी दिसते. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि वस्तू हलवून घ्या. नक्षीकाम, साखळीच्या कड्या, वाटीची दुमडलेली कड ही बुडबुड्यांची माहेरघरं. दोरा जाड असेल तर तोही पाणी पितो.

वस्तू तरंगत असेल तर? किंवा पाण्यात विरघळत असेल तर?

तरंगणारी वस्तू सुईच्या टोकाने अगदी पाण्याखाली दाबा. सुईचं आकारमान नगण्य. काट्यावरचा आकडा तसाच वापरायचा. विरघळणाऱ्या पदार्थाला, म्हणजे खडीसाखर, तुरटी, सैंधव यांना, पाण्याऐवजी गोडंतेल. मात्र त्या वेळी काट्यावरचा आकडा तेलाच्या घनतेने भागायला विसरू नका. हे विसरतात, आणि मग तुरटी नको तितकी जड निघते.

सोन्याची अंगठी खरी की खोटी, सांगाल का?

ठार खोटी असेल तर सांगेन. सोन्याचं पाणी दिलेलं पितळ ८.५ च्या आसपास येतं, तिथे शंकाच राहत नाही. पण ‘२२ कॅरेट की २०’ हे या काट्यावर कळत नाही. ४ ग्रॅमची अंगठी घ्या. २२ कॅरेटची घनता १७.८ च्या आसपास, म्हणजे ती सारणार फक्त ०.२२ ग्रॅम पाणी. त्यात काटा ०.०१ ने इकडेतिकडे झाला तर उत्तर १७ पासून साडेअठरापर्यंत कुठेही येऊ शकतं. शिवाय २२ कॅरेटमधली भेसळ चांदीची की तांब्याची, त्यावरही आकडा हलतो.

बोरमाळेसारख्या पोकळ, लाख भरलेल्या दागिन्यांवर तर हा प्रयोग करूच नका. लाख हलकी, त्यामुळे आकडा फसवा येतो, आणि आत पाणी शिरलं तर घरात माझं नाव निघतं. शुद्धतेसाठी हॉलमार्क बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सोन्याचे हॉलमार्क दागिने या एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत, आणि तो क्रमांक बीआयएसच्या मोबाइल ॲपवर टाकून तपासता येतो.

पण सोन्याएवढं जड दुसरं काही असतं का?

असतं. टंगस्टन, घनता १९.२५. सोन्याशी फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणूनच बिस्किटाच्या पोटात टंगस्टन घालून वर सोन्याचा थर देण्याची लबाडी जगात झालेली आहे. वर सांगितलेला ‘होकार देण्यात कच्ची’ हा मुद्दा याहून चांगला कोण समजावणार? तिथे अल्ट्रासाउंड कामी येतं, कारण ध्वनी दोन्ही धातूंत वेगवेगळ्या वेगाने धावतो.

आर्किमिडीज खरंच तसाच पळाला होता का?

राजाच्या सोन्याच्या मुकुटातली चांदीची भेसळ पकडायची युक्ती न्हाताना सुचली आणि तो तसाच पळाला, ही गोष्ट आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाकडून कळते, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी लिहीत होता. पळण्यापेक्षा मला त्यातल्या मापनाची शंका येते. समजा मुकुट १ किलोचा. शुद्ध सोन्याचा असेल तर ५२ मिलिलिटर पाणी सारेल. ३० टक्के चांदी मिसळली असेल तर ६५. मुकुट मावेल असं २० सेंटिमीटर तोंडाचं भांडं घेतलं तर १३ मिलिलिटरच्या फरकाने पातळी हलणार अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ते डोळ्यांनी वाचायचं? १५८६ साली २२ वर्षांच्या गॅलिलिओलाही हीच शंका आली होती. पाण्यात बुडवून तोलायचा तराजू आर्किमिडीजने वापरला असावा, असं त्याचं म्हणणं होतं. आपण हॉलमध्ये करतो ते त्याच तराजूचं बॅटरीवर चालणारं भावंड.

द्रवाची घनता कशी काढायची? मोजपात्रात ओतून तोलू का?

ढोबळ कामाला चालेल. पण मोजपात्रावरची रेघ वाचण्यात जी चूक होते, तीच सगळं बिघडवते. त्यापेक्षा एकच छोटी बाटली दोनदा काठोकाठ भरा, एकदा पाण्याने, एकदा त्या द्रवाने. प्रयोगशाळेत यासाठी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल असते. तिच्या बुचाला आरपार केसासारखं बारीक भोक असतं, जास्तीचा द्रव त्यातून वर येतो आणि बाटली दरवेळी अगदी सारखीच भरते. बाहेरून पुसायची, पण तळहातात कवटाळून नव्हे. हाताच्या उबेने द्रव फुगून भोकातून बाहेर येतो.

आमचा एक हिशेब: रिकामी बाटली १८.४२ ग्रॅम, पाण्यासह ४३.३०, तेलासह ४१.२१. म्हणजे पाणी २४.८८, तेल २२.७९. भागाकार ०.९१६. बाटली नेमकी किती मिलिलिटरची, याचं आपल्याला देणंघेणंच पडलं नाही.

आणि तापमान लिहा! पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं तर घनता ०.९९८ वरून ०.९९६ होते, फारसं काही नाही. अल्कोहोल मात्र तेवढ्याच फरकात जवळपास ०.००९ ने उतरतं. ठाण्यातल्या मे महिन्यात २० अंशांच्या तक्त्याशी तुलना केलीत तर चांगला माल नापास होईल.

खोबरेल तेलात दुसरं तेल मिसळलंय का, कळेल?

या पद्धतीने नाही. खोबरेल, शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, सगळी ०.९१ ते ०.९३ च्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली. एरंडेल तेवढं ०.९६ ला वेगळं उभं राहतं. खनिज तेल मिसळलं असेल तर आकडा घसरतो, पण थोडंसं मिसळलं तर लपून जातं. खोबरेलाची खूण घनतेत नाही, गोठण्यात आहे: २४ अंशांच्या आसपास ते घट्ट होतं, म्हणून जानेवारीच्या पहाटे बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ते मोजा.

मध पाण्यात टाकला आणि सरळ तळाला गेला, म्हणजे शुद्ध ना?

मधाची घनता १.४ च्या वर. तेवढाच घट्ट साखरेचा पाकही तसाच तळाला जातो, कारण मध म्हणजे बहुतांशी साखर आणि पाणीच. हा प्रयोग विसरा. पाणी घातलेला पातळ मध पकडायला घनता उपयोगी, पाक घातलेला पकडायला नाही.

लॅक्टोमीटरने दुधातलं पाणी पकडता येतं ना?

पाणी येतं, लबाडी येत नाही. दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२. लॅक्टोमीटर त्यातले शेवटचे दोन अंक दाखवतो, म्हणजे ३० म्हणजे १.०३०. दहा टक्के पाणी घातलं की ३० चे २७ होतात. पण साय पाण्याहून हलकी, ती काढली की आकडा वर चढतो. मग थोडं पाणी घातलं की पुन्हा बरोबर ३०. दोन पापं केली आणि लॅक्टोमीटरच्या लेखी दूध निर्दोष. साखर किंवा मीठ टाकूनही आकडा सावरता येतो. म्हणून डेअरीत लॅक्टोमीटरच्या जोडीला फॅटही मोजतात. तुमच्या लॅक्टोमीटरवर जे तापमान छापलंय त्याच तापमानाला वाचा. फ्रीजमधलं दूध जास्त ‘घट्ट’ दाखवेल.

पेट्रोल पंपावर घनता लिहिलेली असते, तिचा आपल्याला काय उपयोग?

ती तपासून मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पंपावर ५०० मिलिलिटरचं जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता असायला हवा. आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशांवर आणतात आणि नोंदवलेल्या आकड्याशी ताडतात. दर घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. पेट्रोल ७२० ते ७७५ च्या पट्ट्यात असतं. रॉकेल त्याहून जड, त्यामुळे मिसळलं की आकडा वर जातो. हुशार भेसळवाला हलका नाफ्था आणि जड रॉकेल दोन्ही मिसळून आकडा जागेवर ठेवू शकतो, हे आता तुम्हाला सांगायला नको. हा प्रयोग पंपावरच करायचा. घरी बाटलीत पेट्रोल आणणाऱ्याला मी हॉलच्या दारात उभं करत नाही.

इन्व्हर्टरवाला ‘ग्रॅव्हिटी डाउन आहे’ म्हणतो. ती हीच का?

हीच. बॅटरीतलं पातळ सल्फ्युरिक ॲसिड पूर्ण चार्ज असताना साधारण १.२६ ते १.२८ असतं, बॅटरी उतरत जाते तसं ॲसिड प्लेटांमध्ये जातं, पाणी उरतं आणि आकडा १.१५ च्या आसपास येतो. इथे पदार्थ ओळखायचा नसून त्यात काय किती आहे हे ओळखायचंय, आणि त्या कामात घनता फारच भरवशाची. फक्त नुकतंच डिस्टिल्ड वॉटर घातलं असेल तेव्हा वाचू नका. ते वरच तरंगत असतं. चार्ज होऊन मिसळू द्या.

ऐरोलीच्या खाडीचं पाणी आणलंय. समुद्राचं किती, नदी-नाल्याचं किती, सांगता येईल?

हा मला आवडणारा प्रश्न. गोडं पाणी १.०००, समुद्र १.०२५, खाडी त्यांच्या मध्ये कुठेतरी: भरतीला वर, ओहोटीला खाली, जुलैत पार गोडसर, मे महिन्यात खारट. स्ट्रॉचं एक टोक मेणाने बंद करून आत चार बारीक खिळे टाका, उभा तरंगेल. नळाच्या पाण्यात एक खूण करा, लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ घालून दुसरी. मधल्या जागेत तुमची खाडी. गाळ मात्र आधी गाळून घ्या. तरंगता चिखलही पाण्याला जड करतो.

हेच शास्त्र भांडुप-मुलुंड आणि भाईंदरच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथे आकडा ‘बोमे’ डिग्रीत मोजतात. आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८ साली ही मोजणी काढली. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन डिग्री. कुंड्यांमागून कुंड्या फिरवत, उन्हात आटवत ते २५ डिग्रीच्या आसपास नेलं (घनता १.२१) की मीठ धरू लागतं. त्याआधी जिप्सम खाली बसतं. नको ते पुढच्या कुंडीत जाऊ न देणं हे सगळं त्या एका आकड्यावर.

येऊरला सापडलेला काळा जड दगड उल्का आहे का?

आतापर्यंत माझ्याकडे आलेल्यांपैकी एकही नव्हता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याची घनता २.८ ते ३.०, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतील तर त्याहून कमी. त्यात थोडं मॅग्नेटाइट असतं, म्हणून चुंबक किंचित ओढला जातो आणि लोकांच्या आशा वाढतात. लोखंडी उल्का ७.५ च्या पुढे असते. सामान्य दगडी उल्का ३.२ ते ३.७, तिथे मात्र घनता काठावर येते आणि भूगर्भशास्त्रज्ञ लागतो. आणि येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. दगड तिथेच राहू द्या.

प्लास्टिक ओळखता येतं का?

झकास येतं. पाण्याच्या बाटलीचे तुकडे करा: बाटली पीईटीची, १.३८, बुडते, झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईचं, १ च्या आत, तरंगतं. पुनर्वापराच्या कारखान्यांत चुरा असाच वेगळा करतात. मिठाच्या संपृक्त पाण्यात (१.२०) पॉलिस्टायरिनसुद्धा वर येतं, कारण ते १.०५. पीईटी आणि पीव्हीसी मात्र दोन्हीकडे बुडतात आणि आकडेही जवळजवळ सारखेच. जाळून बघू नका, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो. तळावरचा त्रिकोण वाचा: १ म्हणजे पीईटी, ३ म्हणजे पीव्हीसी.

गणपतीची मूर्ती शाडूची की पीओपीची, घनतेवरून कळेल?

मूर्ती पाण्यात बुडवणार कशी? शाडू विरघळेल, आणि विसर्जनाला अजून वेळ आहे. हातात घेऊन मात्र कळतं, एकाच उंचीची शाडूची मूर्ती बरीच जड लागते. यात पदार्थापेक्षा घडणीचा वाटा मोठा. पीओपी घट्ट झाल्यावर होणाऱ्या जिप्समची घनता २.३, मातीतल्या खनिजांची २.६ च्या आसपास, फरक काही फार नाही; पण पीओपीची मूर्ती आतून पोकळ, पातळ भिंतींची आणि सच्छिद्र असते. वस्तूची घनता आणि पदार्थाची घनता या दोन वेगळ्या गोष्टी. आमच्या तपासणीतली निम्मी भांडणं इथेच होतात.

हिरा?

हिरा ३.५२, झिरकॉनिया ५.६ च्या वर, काच २.५. सुटा खडा असेल तर नकार सोपा. अंगठीत जडवलेला असेल तर नाही.

रविवारी काय घेऊन येऊ?

दगड, पितळेची-चांदीची भांडी, जुनी नाणी, प्लास्टिक, तेल, खाडीचं पाणी. सोनं घरी ठेवा. लेबल नसलेली बाटली आणू नका, मग ती कितीही ‘फक्त फिनाइल’ असो. दूध आणणार असाल तर कच्चं आणा, आणि किती वाजता घेतलं ते बाटलीवर लिहा. गेल्या वेळी फाटलेल्या दुधात लॅक्टोमीटर तिरका उभा राहिला आणि दोन आज्या माझ्याशी अजून बोलत नाहीत.